डावा लगाम

"दात घासायचे दोन हजार? नालबंद दोनशेत अख्खी दाढ काढतो," कोंडिबा म्हणाला.

"मामा, घोड्याचे दात जन्मभर वाढतात. कडा धारदार होतात, त्या कानशीने घासाव्या लागतात. आधी हात घालून बघा," डॉक्टरीणबाई चांदणी घोडीची जीभ बाजूला धरत म्हणाल्या.

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्या जबड्यात हात घातला. मागच्या दाढेच्या कडेवर त्याचं घट्टे पडलेलं बोट कापलं. तिथेच डावा गाल आतून सोलवटला होता.

डावा लगाम ओढला की चांदणी मान झटकायची. हट्टी समजून तो आणखी ओढायचा. तरी तिने पर्यटकांचं एकही पोर पाडलं नव्हतं. आताही त्याचा हात दातांमध्ये असताना ती निश्चल उभी होती.

"घासा," दोन हजार पुढे करत तो म्हणाला, "आणि दरवर्षी या."

परतताना डाव्या वळणावर त्याने लगाम ओढलाच नाही. चांदणी आपसूक वळली. तो तिच्यामागून चालत राहिला.