सव्वाचाळीस

“थांबा गं जरा, आधी सरकारचं काम,” म्हणत मावशीनं तराजू खाली ठेवला. समोरच्या दोन बायका कुरकुरल्या, पण पिशव्या सावरत बाजूला झाल्या.

आकडेमास्तरांनी वही उघडली. दर मंगळवारी शहरातल्या चार बाजारांतला बटाट्याचा दर टिपायचा आणि दुपारपर्यंत कार्यालयात द्यायचा, एवढीच त्यांची नोकरी. प्रत्येक बाजारात एक दुकान ठरलेलं. या बाजारात गेली अकरा वर्षं मावशीचं. मापात तिनं कधी पाप केलं नव्हतं, आणि मास्तर आले की गिऱ्हाईक थांबवून ती आधी त्यांना दर सांगायची. इतका मान मास्तरांना स्वतःच्या घरातही मिळत नव्हता.

“बेचाळीस,” मावशी म्हणाली.

मास्तरांची पेन्सिल थबकली. “गेल्या आठवड्यात तर एकोणचाळीस होता.”

“महागाई काय मला विचारून येते?” तिनं दोन किलो बटाटे त्यांच्या पिशवीत ओतले. “तुम्ही चाळीसनंच द्या. तुम्ही घरचे.”

हे तिचं नेहमीचंच. मास्तर नको नको म्हणायचे आणि ती ऐकायची नाही.

“पोराच्या बटाट्याचा माल निघाला का?” त्यांनी विचारलं.

मावशीचा चेहरा खुलला. “तीन ट्रक! परवा सीमेच्या नाक्यावर पोचतील. पलीकडच्या व्यापाऱ्यानं सगळा घेतलाय. पोरगा म्हणतो, माल पार झाला की आई, तुझं दुकान बंद, माझ्याकडे राहायला ये. तीस वर्षं या ओट्यावर काढली, मास्तर. कंबरेचा पार भुगा झालाय.”

मास्तर हसले, पण निघताना त्यांनी वहीतला बेचाळीसचा आकडा पुन्हा एकदा पाहिला.

कार्यालयाच्या पायरीवर बसून त्यांनी बेरीज केली. बाकीच्या तीन बाजारांत एकोणचाळीस, चाळीस, चाळीस. मावशीचे बेचाळीस धरून सरासरी सव्वाचाळीस. आणि सरकारचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चार बाजारांची सरासरी चाळीसच्या वर गेली की बटाटा देशाबाहेर सोडायचा नाही, नाके बंद. गरिबाच्या ताटात बटाटा राहावा म्हणून केलेला नियम. त्यात वाईट काहीच नव्हतं, फक्त कार्यालयाबाहेर तो फारसा कुणाला ठाऊक नव्हता.

बेचाळीसचे चाळीस केले तर सरासरी पावणेचाळीस. तीन ट्रक सुखरूप पार, म्हातारी लेकाच्या घरी. कुणाला पत्ताही लागला नसता.

त्यांनी खोडरबर हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. अकरा वर्षांत त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. बायको म्हणायची, सरळ चालणारा माणूस सरळ भिंतीवर जाऊन आपटतो. तिचं खरं असेलही. पण आज मावशीसाठी एक आकडा बदलला, तर उद्या कुणासाठी बदलायचा नाही, हे कोण ठरवणार? खोडरबर खिशात टाकून ते आत गेले आणि वही साहेबांच्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी बंदीचा हुकूम निघाला.

पुढचे दोन मंगळवार मास्तरांनी आजारपणाची रजा काढली. आजारपण कसलं, मावशीला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. धड जेवण नाही, झोप नाही. तिसऱ्या मंगळवारी मात्र ते मनाशी ठरवूनच बाजारात आले. सगळं सांगून टाकायचं. ती शिव्या देईल, त्या ऐकून घ्यायच्या.

मावशी ओट्यावर एकटीच बसली होती. तीन आठवड्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती.

“मावशी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

“आधी बसा. किती उतरलंय तोंड!” तिनं रिकामं पोतं अंथरलं. “बरे आहात ना?”

त्या प्रश्नानं मास्तरांना रडूच यायचं बाकी राहिलं. “पोराचं काय झालं?”

“काय होणार? ट्रक नाक्यावर अडले ते अडलेच. बटाट्याला मोड आले, पाणी सुटलं. शेवटी पोरानं आपल्या हातानं खड्ड्यात ओतले. आता तिथंच हमाली करतो. फोन केला तर हूं नाही की चूं नाही.”

“मावशी, ती बंदी...”

“मरू दे ती बंदी. थोडा माल अजून शेतात आहे, तो सरकार बाजारभावानं घेणार म्हणतात. म्हणून तर तुमची वाट बघत होते.” तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुमच्यापासून आता काय लपवायचं, मास्तर? पोरानं बटाटा लावला तेव्हापासून मी तुम्हाला दर दोन रुपयांनी वाढवूनच सांगत आले. म्हटलं, सरकारच्या कानावर मोठा आकडा गेला, तर माझ्या लेकराच्या मालालाही मोठा भाव मिळेल. आज पाच वाढवून सांगते. घ्या लिहून.”