गेममधलं घर

खुर्चीवर दादाचा स्वेटर. टेबलावर औषधांची पाकिटं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिनक्स सिस्टिमचा पेंग्विन. “तुझा दादा गेम खेळायचा कमी, दुरुस्त करायचा जास्त,” वहिनी म्हणाली. दादाने आजारपणात गेममध्ये तिच्यासाठी घर बांधलं होतं. तो गेल्यावर तिला ते पाहायचं होतं, पण गेम उघडेना. “वहिनी, हा माझ्या डाव्या हातचा मळ,” दीर म्हणाला. लिनक्सवर विंडोजचा गेम अडला की त्याचं फोल्डर उडवायचं, ते नव्याने बनतं, हे दादानेच शिकवलेलं. दिराने ते उडवलं. गेम उघडला. समोर नुसतं माळरान. आता त्याच्या लक्षात आलं. दादाने बांधलेलं घरही त्याच फोल्डरमध्ये होतं; तेही पुसलं गेलं. “कुठाय रे घर?” वहिनीने स्टूल पुढे ओढलं. “लांब आहे. चालावं लागेल,” तो म्हणाला आणि माळरानात पुढे चालायची बटणं दाबत राहिला. दादाने त्या घराला जिना ठेवला नव्हता, कारण वहिनीचे गुडघे दुखायचे.