खांबांच्या टोप्या

“ही नको, बाई. हिच्यावर पाणी साचेल,” असं म्हणत मिस्त्रींनी प्लॅस्टिकची सपाट टोपी बाजूला टाकली आणि पत्र्याची, चारी बाजूंनी उतरती टोपी उचलली. “ही बघा. पाणी आलं तसं गेलं. लाकूड पाणी पितं ते डोक्यातून. खांब तिथूनच कुजायला लागतो.”

मिस्त्रींच्या मुलीने मान डोलावली. कुंपणाच्या खांबांसाठी दोन्ही तऱ्हेच्या टोप्या तिने दुकानातून मुद्दाम आणल्या होत्या. निवड बाबांनी करावी, एवढीच तिची हौस. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या बाबांना आज सकाळी सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती, आणि पोटच्या पोरीला तर ते गेले पाच महिने गिऱ्हाईक समजून ‘बाई’ म्हणत होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली. मग तिने गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. गिऱ्हाइकाशी ते निदान बोलत तरी होते.

लाकूड हाताला लागलं की मात्र बाबा वेगळेच. ठेकेदाराच्या माणसांनी कालपरवाच घराभोवती रोवलेले चौदाच्या चौदा खांब त्यांनी हाताने चाचपून पाहिले आणि नाक मुरडलं.

“कुणी कापलेत हो हे? दातांनी?”

एक खांब दुसऱ्यासारखा नव्हता. जे जाड होते त्यांची डोकी त्यांनी रंध्याने हलकी केली. तिने घाईघाईत एक टोपी हातोडीने ठोकायला घेतली, तर बाबा तिच्यावर डाफरलेच. “अहो, ठोकताय काय? पावसात लाकूड फुगतं. सूतभर जागा सोडायची, नाहीतर पत्रा फाटेल.” बोलणी खाऊन तिला इतकं बरं लहानपणीही कधी वाटलं नव्हतं.

सातव्या खांबापाशी ते थांबले. दोन स्क्रू ओठांत धरलेले होते, ते त्यांनी तळहातावर काढले.

“एक विचारू? कुंपण एवढं उंच कशाला, बाई? इथे गुरं नाहीत, ढोरं नाहीत.”

या प्रश्नाची तिने आठ दिवस धास्ती घेतली होती. उत्तरंही तयार ठेवली होती. भटकी कुत्री, चोर, काय काय. ऐन वेळी त्यातलं एकही तोंडातून निघेना.

“आमच्या बाबांसाठी,” ती बोलून गेली. “विसरतात ते. घरातून निघून जातात. गेल्या खेपेला दोन दिवसांनी सापडले. अनवाणी. पायांची पार चाळण झाली होती.”

“अरेरे,” मिस्त्री अगदी मनापासून म्हणाले. त्यांनी फाटकाच्या कडीकडे पाहिलं. “मग ती कडी आतून काय कामाची? उघडतील आणि जातील. बाहेरून लावा.”

“बरं.”

“पण त्यांना सांगून लावा हं. चोरून नका लावू. आपल्याला कोंडलंय हे माणसाला कळतं. बाकी काही नाही कळलं तरी तेवढं कळतं.”

तिने खांबाला धरलं. ताज्या तासलेल्या लाकडाचा वास येत होता. तिचं सगळं लहानपण याच वासात गेलं होतं, आणि आता तिला मोठ्याने ‘बाबा’ म्हणून हाक मारावीशी वाटत होती. तिने ती गिळली.

“सांगितलंय मी त्यांना,” ती म्हणाली.

“असं? मग काय म्हणाले?”

“म्हणाले, कडी बाहेरून लाव.”

मिस्त्रींनी मान हलवली. “समजूतदार माणूस आहे,” ते म्हणाले. “जपा त्यांना.”

आणि त्यांनी पुढच्या टोपीसाठी तिच्यापुढे हात केला.