अनवाणी

शालिग्राम डॉक्टर होईपर्यंत पायात वहाण घालणार नाही, असा नवस बेबाबाई मनुदेवीला बोलली होती. रावेरच्या केळीच्या मळ्यात पाच वर्षं ती तशीच राबली. तिकडे पुण्यात शालिग्रामचा धीर सुटला, पुस्तकं बांधून घरी निघून जावंसं वाटलं, की त्याला आईच्या भेगाळलेल्या टाचा आठवत आणि तो पुन्हा वाचायला बसे.

१९५६ च्या एप्रिलात शेवटचा पेपर देऊन तो गावी आला. पिशवीत आईसाठी नव्या चपला होत्या. ओट्यावर धाकटा भाऊ चुडामण मुंडण करून बसलेला दिसला.

"मळ्यात मायच्या पायात गंजका खिळा घुसला, भाऊ. आठ दिवसांनी दातखीळ बसली," चुडामण म्हणाला. "तोंड उघडत व्हतं तोवर एकच सांगे, शालिग्रामले कळवू नका, त्याचे पेपर चालू हायेत."

शालिग्राम चपला छातीशी धरून तिथंच खाली बसला.

शेवटच्या पेपरात धनुर्वातावर प्रश्न होता. तो कसा टाळावा याचा पहिला उपाय त्यानं लिहिला होता: अनवाणी चालू नये.