वीस हजारांत तीन

त्या तीन पेशी तिथं असायलाच नको होत्या.

रक्त तिच्या आईचं. संशोधनाला निरोगी म्हातारी माणसं हवी होती, म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रत्येकानं घरचं कुणीतरी आणलं होतं. तिनं आई आणली. आईच्या रक्तातल्या वीस हजार पेशी यंत्रानं एकेक सुटी करून वाचल्या. त्या घडीला कुठली पेशी मनाशी काय बोलत होती, ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. बाकी सगळ्या बाईच्या बोलीत बोलल्या. तीन मात्र पुरुषाच्या निघाल्या.

पडद्यावर निळ्या ठिपक्यांचा थवा होता आणि त्यात तीन लाल ठिपके. ती उठली. हात धुऊन आली, बसली, पुन्हा उठली. सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती.

तिला सगळे मोजपट्टी म्हणत. तिच्या हातून थेंब इकडचा तिकडे होत नसे. आणि बाईच्या नमुन्यात पुरुष सापडला की त्याचा अर्थ एकच लावायचा, अशी त्या खोलीची रीत होती. कुणाचा तरी गलथानपणा. एक नमुना नासला की त्याच्यासोबत भरलेले चाळीसही फेकायचे. सहा महिने पाण्यात.

खोलीत पुरुष एकच होता. लांब्या.

"माझ्याकडे असं बघू नकोस," लांब्या म्हणाला. "मी मास्क लावून शिंकलो होतो."

"म्हणजे शिंकलास!"

"शिंकलो गं बाई. माणसाची शिंक होती, तोफ नव्हती."

तिनं त्याला खोलीबाहेर काढलं. आईचं ताजं रक्त घेतलं. नव्या नळ्या, नवे हातमोजे, सगळं स्वतः केलं. या खेपेला लाल ठिपके चार निघाले. मग लांब्याची लाळ घेऊन ताडून पाहिली. एक अक्षर जुळेल तर शपथ.

"माग आता माफी," लांब्या दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. "माझ्या उंचीला शोभेल अशी लांबलचक माग."

तिनं मागितली. पण जीव काही थाऱ्यावर येईना. मग या पेशी आहेत तरी कुणाच्या?

प्रमुख बाईंनी, सगळ्यांच्या मॅडमनी, चष्मा कपाळावर चढवला आणि खुर्ची पडद्याकडे ओढली. "दुसऱ्या कुणाशी ताडत बसू नकोस. तुझ्या आईशीच ताडून बघ."

तिनं ताडलं. अर्धी अक्षरं आईची होती. बरोबर अर्धी.

"मुलगा आहे हा तिचा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पोटात असताना बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. त्यातल्या एखाददुसऱ्या तिथंच घर करतात, वर्षानुवर्षं. पूर्वी आपण सगळं रक्त एकत्र घुसळून वाचायचो. त्या गलक्यात तिघींचा आवाज कुठून ऐकू येणार? आता एकेकीला वेगळं बसवून विचारता येतं. तिचा फॉर्म काढ बघू."

फॉर्म निघाला. किती वेळा गरोदर राहिलात? एक. अपत्ये? मुलगी, एक. अक्षर ठसठशीत आणि ओळीत होतं. ते मोजपट्टीचंच होतं. आई तेव्हा बाकावर बसून बाही वर सरकवत होती, आणि लेकीनं उभ्याउभ्या सगळे रकाने भरून टाकले होते.

"विचारून लिहिलंस ना?" मॅडमनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा मोजपट्टीनं मान खाली घातली.

दुपारी ती घरी आली तेव्हा आई वाळलेल्या चादरी आत आणून घड्या घालत होती. "बरी आलीस. धर दोन टोकं." दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मधे पांढरी चादर ताणलेली. वाटभर घोकलेलं वाक्य बाजूलाच राहिलं, आणि लेकीच्या तोंडून भलतंच बाहेर आलं.

"आई, माझ्या आधी कुणी होतं?"

चादर क्षणभर सैल पडली. मग आईनं ती पुन्हा ताणली.

"होतं. तुझ्या आधी तीन वर्षं. पाचव्या महिन्यात गेलं. कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या रक्तानं."

तिनं सांगितलं. यंत्राचं, तीन पेशींचं, मग चार पेशींचं. घाईघाईनं सांगितलं, अडखळत सांगितलं. आता आई कोसळेल, आता चादर हातातून सुटेल, म्हणून तिचे डोळे आईच्या बोटांवरच खिळले होते.

"तो तुझ्यात आहे आई. अजूनही. थोडासा."

"आहेच की," आई म्हणाली. टोकाला टोक जुळवत ती लेकीपर्यंत चालत आली. "ते सांगायला यंत्र कशाला हवं? एवढ्या वर्षांत एक दिवस गेला नाही बोलल्यावाचून. कणीक मळताना, केस विंचरताना." आणि एकदम थबकली. "तो? तो म्हणालीस तू?"

"मुलगा होता. नक्की. चारदा तपासलंय मी."

आई पलंगाच्या कडेला टेकली. घडी मांडीवर उलगडत गेली.

"मला दाखवलंच नाही गं कुणी. कापडात गुंडाळून नेलं. विचारलं, तर म्हणाले, विसरा आता."

लेक तिच्या पायाशी बसली. आईनं चादरीच्या टोकानं डोळे पुसले आणि ओल्या चेहऱ्यानं हसायलाच लागली.

"अगं, चव्वेचाळीस वर्षं मी त्याला मुलीच्या नावानं हाक मारतेय!"