पिवळी पट्टी

"मुजाहिद, तो निष्कर्ष उद्या वाचायचा न्हाई," देवानंद सर दारातूनच म्हणाले आणि चपला न काढताच आत येऊन बसले.

मुजाहिद एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी, आता वाटूरच्या शाळेत त्यांच्याच हाताखाली विज्ञान शिकवणारा. उद्या जालन्याच्या विज्ञान मेळाव्यात दोघांच्या नावानं प्रयोग मांडायचा होता. हजारो माणसांचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळलं, तर यंत्रातून आपोआप पडणाऱ्या आकड्यांवर परिणाम होतो का, हे तपासायचा प्रयोग. त्यासाठी दोन सारखे डबे होते. डबा दर मिनिटाला दोनशे वेळा छापा-काटा करायचा आणि किती छापे पडले ते दाखवायचा. आकडा वहीत टिपायचा. सेलवरची पिवळी पट्टी ओढली की डबा चालू. एकदा निघालेली पट्टी परत बसत नसे.

यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी एक डबा सरांच्या पिशवीत होता, फाट्यावरच्या मोठ्या पडद्यासमोर, ऐन गर्दीत. दुसरा मुजाहिदकडे, तीन किलोमीटरवरच्या शेतातल्या खोलीत. तिथं ना टीव्ही, ना रेंज.

सरांच्या वहीत नेमके यान उतरतानाचे आकडे एकशे बारा, एकशे पंधरा असे चढलेले. मुजाहिदचे मात्र शहाण्या पोरांसारखे शंभराला धरून बसलेले. मेळाव्याचे लोक हरखून गेले होते.

"काय झालं, सर?"

"मी डबा चालूच केला न्हाई." सरांची मान वर होईना. "पडद्याकडंच बघत राह्यलो. यान टेकलं तवा मागून कुणीतरी गच्च मिठी मारली. मी रडून राह्यल्तो, वळून बी बघितलं न्हाई. घरी गेल्यावर पट्टी ओढली अन् आकडे मनानं लिहिले."

मुजाहिदनं समोरचा चहाचा कप उगाच इकडून तिकडं सरकवला.

प्रयोगवहीत खाडाखोड चालेल, खोटं चालणार नाही, असं सर तीस वर्षं वर्गात बजावत आले होते. आता कोणत्या तोंडानं फळ्यासमोर उभं राहायचं? त्याहून जास्त लाज वाटत होती ती मुजाहिदची. त्यांच्या एका शब्दाखातर त्यानं हातचा चंद्र सोडला आणि बंद खोलीत आकडे टिपत बसला.

"तुझी वही खरी हाय. तुझं नाव खराब होऊ देणार न्हाई. उद्या मीच उभा राहून सगळं सांगतो."

"बिलकुल सांगू नका, सर. होत असतंय असं."

"न्हाई. तुझा डबा दे. बराबर चाललेला तेवढा एकच हाय, तो लोकांना दाखवतो."

"कपाटावर हाय. धूळ बसली असंल. राहू द्या ना."

सरांनी स्वतःच स्टूल ओढलं, डबा खाली काढला आणि उलटा केला.

पिवळी पट्टी जागच्या जागी होती.

मुजाहिद फरशीकडं बघत म्हणाला, "सर, मागून मिठी मारली तो मीच."