डॉक्टरांचा अंदाज

इबादानच्या दवाखान्यात सहा वर्षांच्या तिनूकेच्या रक्ताचा रिपोर्ट हातात धरून तिची आई मुसमुसत होती. शेजारच्या बाकावरच्या अदुन्नीआजींनी तो ओढून घेतला आणि चष्मा लावून वाचला.

"सिकलसेल. म्हणजे माझाच आजार की! रोज गोळी दे, पाणी भरपूर पाज, ताप आला की लगेच इथे आण. रडतेस काय?"

"आजी, लोक म्हणतात, अशी मुलं विशी बघत नाहीत."

"लोकांचं सोड. माझ्या आईला तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं, ही दहाचीसुद्धा होणार नाही."

"मग?"

"मग काय? डॉक्टर माणूस चांगला होता. त्यांच्या मयताच्या जेवणावळीत मी जोलोफ भात दोनदा मागून घेतला."